खारूनवरची पंधरा घोड्यांची मोटार

६ नोव्हेंबर २००१, मंगळवार

यशवंतरावांनी सांगितलं होतं, मोटारीची रोजची नोंद लिहीत जा. कधी सुरू केली, किती वेळ चालली, काय बिघडलं. त्याला आज अकरा दिवस झाले आणि मी अजून एक ओळ लिहिली नाही. रोज सकाळी ठरवतो, रोज काहीतरी निघतं. परवा खास पेन आणायला निघालो, तर चौकात एक पेंटर सरकारी पाटीवरचं 'मध्यप्रदेश' खरवडून 'छत्तीसगढ़' लिहीत होता. वर्ष झालं राज्य होऊन, पाट्या अजून संपल्या नाहीत. त्याचा 'ढ' असा काही देखणा होता की मी पाऊण तास तिथंच उभा. पेन राहिलंच.

पण पेन हे कारण नाही. नोंद लिहायची म्हणजे रोज 'आजही बंद पडली' असं लिहायचं आणि खाली माझी सही करायची. ते नको वाटतं.

ही वही नानांची, म्हणजे माझ्या काकांची. १९९८ ची रेल्वेची डायरी. वार जुळत नाहीत, मी खोडून लिहून राहिलो. यशवंतरावांसाठी वेगळ्या कागदावर लिहीन. इथं खरं लिहितो, वहीला खोटं सांगून काय मिळणार?

तर खरं असं. मी मालवणला दोन वर्षं बोटीच्या मोटारी दुरुस्त करत होतो, असं मी नाना-काकूला सांगितलं आहे. होतो पाच महिने. लोकांना लाइफ जॅकेटं बांधून द्यायचो आणि संध्याकाळी बोटीतलं पाणी डब्यानं उपसायचो. मोटारीला फक्त ओल्या फडक्यानं पुसायला हात लावला. नानांनी मात्र मराठी मंडळात बसून अख्ख्या रायपूरला सांगितलं, "आमचा शिशिर बोटीचा मेकॅनिक आहे." ते यशवंतरावांनी ऐकलं. त्यांचं गोल बाजारात भांड्यांचं दुकान. भोसल्यांच्या काळापासून हे लोक इथं. राजधानी झाली, आता घाटावर बडे लोक येतील, म्हणून त्यांनी खारून नदीच्या महादेव घाटावर मोटारबोट चालवायची परवानगी काढली. कुठल्याशा लिलावातून पंधरा हॉर्सपॉवरची जुनी मोटार आणली. बोटीच्या मागच्या फळीवर लटकवायची, दोरी ओढून सुरू करायची, अशी. पेट्रोलची लोखंडी टाकी वेगळी, बोटीत पायाशी ठेवायची. तिथून रबरी नळी मोटारीला जाते.

३० तारखेला कार्तिक पौर्णिमा. इथं पुन्नी म्हणतात. महादेव घाटावर मेळा भरतो, पहाटेपासून माणसं नदीत उतरतात. त्या दिवशी ही बोट लोकांना पलीकडे नेणार, आणि कोणी बुडायला लागलं तर तिनंच धावायचं. म्हणजे मोटार बंद पडून चालणार नाही.

आणि ती बंदच पडून राहिली. सुरू होते छान. सात-आठ मिनिटं जाते, मग धाप लागल्यासारखी करते आणि मरते. थोडं थांबलं की पुन्हा सुरू. पुन्हा सात-आठ मिनिटं.

दसऱ्याआधी चार दिवस मात्र सुरेख चालली होती. काकू म्हणते दृष्ट लागली.


८ नोव्हेंबर, गुरुवार

प्लग काढले, काळे होते. घासले. नवे आणून बसवले. कार्बोरेटर उघडून पेट्रोलनं धुतला. हे सगळं मी गोल बाजाराजवळच्या एका लूना दुरुस्त करणाऱ्याकडे उभा राहून पाहून आलो होतो, तसंच्या तसं केलं. लूनाही दोन स्ट्रोकची, हीही दोन स्ट्रोकची. तो म्हणाला, "भैया, इंजन इंजन होता है." त्याच्याकडे पिंजऱ्यात एक पोपट आहे, तो किक मारल्याचा आवाज काढतो. तिथं माझे दोन तास गेले.

नऊ मिनिटं चालली. प्रगती.

बोटीवर माझ्याबरोबर तुळशीराम असतो. पन्नाशी उलटलेला, जातीचा केवट, याच घाटावर बापजाद्यांपासून नाव चालवणारा. त्याची स्वतःची लाकडी नाव दोन वर्षांमागं कुजली, म्हणून यशवंतरावांकडे लागला. मोटार मेली की तो चप्पू, म्हणजे वल्हं, उचलतो आणि आम्हाला काठाला आणतो. पेट्रोलही तोच आणतो, सायकलच्या कॅरिअरला कॅन बांधून.

पहिल्या दिवशीची गोष्ट लिहून टाकतो. मी ऐटीत दोरी ओढत होतो, मोटार ढिम्म. गिअर टाकलेला होता, मला कळलंच नाही. यशवंतराव काठावर उभे. तुळशीरामनं वाकून दांडा मधे आणला आणि लगेच नदीकडे पाहत बसला, जणू त्यानं काही केलंच नाही. मोटार सुरू झाली. यशवंतराव ओरडले, "वा रे पठ्ठे!" तुळशीरामला तेव्हाच कळलं असणार, मी किती पाण्यात आहे ते. आजवर कोणाला बोलला नाही. त्यामुळे मला त्याच्याशी नीट बोलता येत नाही. का कोण जाणे, त्याच्यावरच राग येतो.

रोज म्हणतो तेच आज पुन्हा म्हणाला, "बाबू, ढक्कन खोलथस त थोरिक बने चलथे."

म्हणजे टाकीचं झाकण उघडलं की जरा बरी चालते म्हणे. मी म्हटलं, "पेट्रोल आहे का पाहायला उघडतो मी. झाकणाचा काय संबंध?"

"ये टीका ल पोंछ दंव का?" त्यानं झाकणावरच्या टिळ्याकडे बोट केलं.

मी एकदम ओरडलो, "खबरदार! पूजेचं आहे ते."

खंडेनवमीला काकूनं हट्ट धरला होता. "अवजारं पूजायची असतात. तुह्या हाताले पहिल्यांदा काही काम लागलं, अन् ते पुजायचं नाही?" मोटार काही घरी आणता येत नव्हती, म्हणून टाकी आणली, नानांच्या स्कूटरवर पायांत धरून. पेट्रोल हिंदकळू नये म्हणून झाकण, वरचा बारीक स्क्रू, सगळं घट्ट पिळून. काकूनं हळदकुंकू तुपात कालवून झाकणावर रुपयाएवढा टिळा लावला, वर अक्षता, वर झेंडूच्या पाकळ्या. आता वाळून ते सिमेंटसारखं झालंय. पूजेचं कुंकू आपण होऊन पुसायचं नसतं, आपोआप जाऊ द्यायचं. काकूनं बजावलं होतं.

तुळशीरामनं कान पकडले. "हव बाबू. पूजा के चीज आय, मैं हाथ नइ लगावंव."

ओरडायची गरज नव्हती. टिळ्यासाठी ओरडलो नाही मी, ते मला माहीत आहे.


११ नोव्हेंबर, रविवार

नळीच्या मधे रबराचा एक फुगा असतो, तो दाबून पेट्रोल वर चढवायचं. आज मोटार मेल्यावर पाहिलं तर तो आत ओढला जाऊन चपटा झालेला, शिळ्या वांग्यासारखा. मला आनंदच झाला. सापडलं! रबर कुजलं! नवा फुगा इथं कुठे मिळणार, यशवंतरावांनी नागपूरहून मागवला. दिवाळीनंतर येईल.

नाना जेवताना म्हणाले, "काहून रे, मालवणले सहा महिन्यांत एक मोटार दुरुस्त करत होता का?"

"जुनी आहे, नाना."

"मीही जुनाच आहे. चालून राहिलो ना?"

काकू हसली. मीही हसलो.


१४ नोव्हेंबर

दिवाळी. अनारसे चांगले झाले. मोटारीला हात लावला नाही, हायसं वाटलं. असं हायसं वाटणं बरं नाही.


१७ नोव्हेंबर, शनिवार

आज जे झालं ते लिहायला दुपारपासून बसलो आहे.

नवा फुगा काल आला, बसवला. आज यशवंतराव पाहुणे घेऊन आले. त्यातला एक मेळ्याच्या बंदोबस्ताचा अधिकारी. त्याला दाखवायचं होतं की बोट तयार आहे. बोटीत ते तिघं, मी आणि तुळशीराम. मोटार सुरू झाली, अधिकारी म्हणाला, "अच्छा है, अच्छा है." पुलाकडे निघालो. नदीच्या ऐन मधे तिनं धाप टाकली आणि मेली. नवा फुगा तसाच चपटा.

तुळशीरामनं चप्पू घेतला. काठावर बाकीचे नाववाले, धुणं धुणाऱ्या बाया, सगळे पाहत होते. यशवंतराव मराठीत पण दात आवळून म्हणाले, "शिशिर, मले आत्ता, इथं सांग. काय झालंय हिले?"

मला काहीच माहीत नव्हतं. मी उगीच टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स करून आवाज झाला, दरवेळी होतो तसा. आणि माझ्या तोंडून निघालं, "पाहा. गॅस. पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळलेलं आहे, त्याचा गॅस होतो."

असं काही असतं की नाही, मला ठाऊक नाही. बोलताना मलाच ते इतकं पटलं की मी पुढंही बोललो. "रॉकेलवर ही मोटार चालणारच नाही. कितीही दुरुस्त करा."

"पेट्रोल कौन लाता है?" अधिकाऱ्यानं विचारलं.

मी काही बोललो नाही. बोलायची गरजच नव्हती. सगळ्यांच्या नजरा चप्पू मारणाऱ्याकडे गेल्या.

काठावर उतरल्यावर यशवंतरावांनी त्याला सगळ्यांदेखत विचारलं. तो म्हणाला, "तीस बछर ले ये घाट मा हंव, साहेब. मैं माटीतेल नइ मिलाय हंव." रॉकेल मिसळलं नाही, एवढंच. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता तो माझा गिअर सांगणार, याला काही येत नाही म्हणून सांगणार. त्यानं काही सांगितलं नाही. यशवंतराव म्हणाले, "कल से मत आना." त्यानं चप्पू धुतला, बोटीत आडवा ठेवला, सायकल घेतली आणि चालतच गेला. सायकलवर बसलाही नाही.

नत्थू नावाचा नाववाला मागून म्हणाला, "अब पुन्नी मा एखर नाव मा कोन बइठही?" म्हणजे पुन्नीला आता याच्या नावेत कोण बसणार. स्वतःची कुजल्यापासून पुन्नीला तो कोणाची तरी नाव मागून चालवतो. पुन्नीला गावोगावची माणसं तुळशीरामचं नाव विचारत येतात, असं मी ऐकलंय. त्यांच्या आज्यांना त्याच्या आज्यानं पलीकडे नेलेलं.


१८ नोव्हेंबर, रविवार

आज दिवसभर मी स्वतःला समजावतो आहे की त्यानं मिसळलं असेलच. त्याच्या अंगाला कधीकधी रॉकेलचा वास यायचा. मग आठवलं, तो घरी चिमणी लावतो.


२१ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी मी स्वतः पंपावर जाऊन पेट्रोल आणलं. माझ्या डोळ्यांसमोर भरलं, माझ्या हातानं ऑइल मिसळलं. टाकी आधी रिकामी करून, धुऊन, वाळवून घेतली. टिळ्याला धक्का लागू दिला नाही.

एकटाच गेलो. आठ मिनिटं. धाप. मेली.

चप्पू मला नीट मारता येत नाही. बोट वाहत वाहत जलकुंभीच्या, आपल्या जलपर्णीच्या, गर्दीत जाऊन अडकली. तिथंच बसून राहिलो. दोन बगळे होते, त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग झाकण काढलं, पेट्रोल हुंगलं, झाकण मांडीवर ठेवलं आणि रागारागात दोरी ओढली. झाकण परत लावायचं राहिलं. मोटार सुरू झाली. मी जलकुंभीतून बाहेर आलो, पुलापर्यंत गेलो, पुलाखालून पलीकडे गेलो, परत आलो. अर्धा तास. न थांबता. मांडीवर झाकण तसंच.

ढक्कन खोलथस त बने चलथे.

काठाला लागून झाकण पाहिलं. काकूचा टिळा नखानं खरवडला. खाली तांदूळ, त्याखाली हळद, त्याखाली तो बारीक स्क्रू. तो उघडा ठेवला की टाकीत हवा जाते. पेट्रोल जितकं बाहेर जाईल तितकी हवा आत यायला हवी. नाही आली तर टाकी आतून ओढते, फुगा चपटा होतो, मोटार उपाशी मरते. झाकण उघडताना जो फुस्स आवाज यायचा, तो गॅस बाहेर पडण्याचा नव्हताच. हवा आत शिरत होती.

पहिली भावना लिहितो, कारण तीच सगळ्यात वाईट आहे. मला बरं वाटलं. म्हटलं, काकूच्या पूजेनं झालं, माझा काय दोष. बोटं लाल झालेली धुवायला वाकलो आणि स्कूटर आठवली. खंडेनवमीची सकाळ, गुडघ्यांमधे टाकी, आणि हा स्क्रू पिळणारा अंगठा. टिळ्यानं फक्त तो झाकला होता. बंद मीच केला होता.

आणि तुळशीराम तीन आठवडे त्या झाकणाकडे बोट दाखवत होते.


२२ नोव्हेंबर, गुरुवार

यशवंतराव स्वतः बोटीत बसले, तासभर फिरले. काठावर उतरून माझी पाठ थोपटली. "पाहा, मी म्हणत होतो ना! माणूस काढला, रॉकेल गेलं, मोटार चालून राहिली." दुकानातून स्टीलचा डबा पाठवला, काकूसाठी. काकूनं तो फडताळात समोर ठेवलाय, येता-जाता दिसतो.

सांगायचं होतं. तोंड उघडलंही. ते म्हणाले, "काही हवं का तुले?" मी म्हटलं, "नाही."


२४ नोव्हेंबर, शनिवार

पळून गेलो होतो. सकाळी उरल्याच्या नाक्यावर बिलासपूरकडे जाणारा ट्रक उभा होता. ड्रायव्हर म्हणाला, "चलना है क्या?" मी बसलो. मी असाच नाशिकहून निघालो होतो, असाच मालवणहून. पिशवीसुद्धा घेतली नव्हती, एवढं सोपं होतं.

पुढं जाऊन मी सद्बुद्धी झाली म्हणून उतरलो, असं लिहायला आवडलं असतं. तसं नाही. सिलतऱ्याला ट्रक कारखान्याच्या फाटकाबाहेर लोखंड भरायला रांगेत लागला. दीड तास. काळी धूळ दातांत करकरायला लागली, ड्रायव्हर झोपला. नुसतं बसून राहायचं म्हटलं की मला तुळशीराम चप्पू धुताना दिसायचे. तेव्हा उतरलो. टेम्पोनं परत. काकूनं विचारलं, "तोंड काहून काळं झालं तुहं?"


२५ नोव्हेंबर, रविवार

केवटपाऱ्यात, तुळशीरामांच्या वस्तीत गेलो. घर विचारावं लागलं नाही, तुळशीराम बाहेरच जाळं विणत बसले होते. मला पाहून उठले, खाट झटकली. "बइठ बाबू." त्यांची बायको कमलाबाई चहा घेऊन आली. तिनं मला नीट न्याहाळलं, कपडे वाळत घालताना डाग पाहतात तसं.

मी हवेबद्दल बोललो. जाळ्याबद्दल विचारलं. पुन्नीला थंडी असेल म्हणालो. मग म्हणालो, "मला वाटतं, पंपवाल्यानंच भेसळ केली असेल. तुमचा काही दोष नाही."

अर्धं खोटं हे पुरत्या खोट्याहून घाण असतं, हे आज कळलं.

"होही, बाबू," तुळशीराम म्हणाले. असेल.

कमलाबाई म्हणाली, "त साहेब ल बता न. घाट मा सब चोर कहत हें एला."

"हव," मी म्हटलं. "सांगतो."

तुळशीरामांनी जाळ्यातून मान वर न करता विचारलं, "मोटर अब बने चलथे?"

"हव."

"टीका पोंछेस?"

"नाही," मी म्हटलं. "तसाच आहे."

ते पुन्हा विणायला लागले. त्यांना माहीत आहे. त्यांना सगळं माहीत आहे, आणि मी त्यांच्या खाटेवर बसून, त्यांचा चहा पिऊन, त्यांच्या तोंडावर खोटं बोललो. निघताना कमलाबाई दारापर्यंत आली आणि हळूच, नवऱ्याला ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "सच नइ बोले सकस त ये दुआरी मा झन आबे." खरं बोलता येत नसेल तर या दारात येऊ नको.


२८ नोव्हेंबर, बुधवार

गोल बाजारात दुकानावर गेलो. यशवंतराव परातींचा ढीग लावून घेत होते. मी सांगितलं. सुरुवात अशी केली, "आमच्या काकूनं पूजा केली होती, त्यामुळे..." आणि स्वतःचाच आवाज ऐकून थांबलो. मग नीट सांगितलं. स्क्रू मी बंद केला, विसरलो, रॉकेलचं मी मनचं बोललो, मालवणला मी मेकॅनिक नव्हतोच.

त्यांनी परात खाली ठेवली. "मोटार चालते ना आता?"

"चालते."

"मग पुन्नी होऊन जाऊ दे. आत्ता तुळशीरामले बोलावलं तर चारचौघांत मी खोटा पडतो. त्या अधिकाऱ्यासमोर मी माणूस काढलाय."

"पण पुन्नीलाच तर त्यांना..."

"शिशिर, तुह्या नानांकडे पाहून मी हे ऐकलंच नाही असं समजतो. जा."

मी गेलो. गेलो आणि रस्त्यात एक मदारी होता, तो पाहत उभा राहिलो. असा आहे मी.


२९ नोव्हेंबर, गुरुवार

केलं. कसं केलं ते लिहितो, शौर्य वगैरे काही नव्हतं त्यात.

दुपारी चारला घाटावर सगळे नाववाले मेळ्यासाठी नावा धूत होते, कोणी डांबर फासत होतं. यशवंतराव मोटारीवर झेंडूची माळ बांधून घेत होते. मी पायरीवर उभा राहिलो आणि ओरडलो, "सुनो!" आवाज फाटला. दोन पोरी हसल्या. मी म्हटलं, पेट्रोलमध्ये काही नव्हतं. टाकीचा हवेचा स्क्रू मी स्वतः बंद केला होता. तुळशीराम मला तो रोज दाखवत होते, मी ऐकलं नाही. माझी लाज झाकायला मी त्यांचं नाव पुढं केलं. ते चोर नाहीत. मला मोटारीतलं काही येत नाही.

हिंदीत बोललो, चुकत माकत. संपल्यावर काय होतं माहीत नव्हतं. काहीच झालं नाही. डांबराचा ब्रश चालू राहिला. नत्थू एवढंच म्हणाला, "हमन ल काबर बतावत हस? ओला बताय हस का?" आम्हाला कशाला सांगतोस, त्याला सांगितलंस का?

नाही सांगितलं. गर्दीत बोलणं सोपं असतं. वीस जणांसमोर बोललो, पण त्या एका खाटेसमोर नाही बोलता आलं.

यशवंतराव जवळ आले. त्यांचा चेहरा इतका शांत होता की भीती वाटली. "माळ बांधून झाली की बोटीतून तुझं सामान काढ," म्हणाले. "दुकानावर यायचं नाही. मंडळात नानांना मी सांगेन."

मी घरी येण्याआधी सांगून झालं होतं. नाना खुर्चीत बसले होते, पेपर मांडीवर.

"मालवणचंही खोटंच का?"

"हो."

त्यांनी पेपराची घडी केली, मग त्या घडीची घडी केली. काकूनं फडताळातला तो स्टीलचा डबा काढून पिशवीत घातला. परत करायचा म्हणाली. मग स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, मला नाही, भिंतीला, "माह्या कुंकवानं बंद पडली होती काय ती?"

"नाही काकू. मी बंद केली होती."


३० नोव्हेंबर, शुक्रवार. पुन्नी

पहाटे गेलो घाटावर. काकू स्नानाला निघाली होती, मी तिच्या मागं दहा पावलं. ती एकदाही वळली नाही.

माणसं इतकी की पायऱ्या दिसत नव्हत्या. पाण्यावर दिवे सोडलेले, धुकं, उसाचे भारे, ढोल. यशवंतरावांची मोटार सुरू होती, कोणी नवा पोऱ्या नाही, त्यांचा स्वतःचा मुलगा निरंजन चालवत होता. एकदाही बंद पडली नाही. ती माझ्यामागं बंद पडावी, असं मला वाटलं का? एक क्षण वाटलं. लिहून ठेवतो.

मी तुळशीरामांना शोधत होतो. धोतर खोचलेली एक म्हातारी नत्थूला विचारत होती, "तुळसी कहां हे? हमन ओखरेच डोंगा मा जाबो." आम्ही त्याच्याच नावेत जाऊ. नत्थू म्हणाला, येईल, येईल. आठ वाजेपर्यंत वाट पाहून ती दुसऱ्या नावेत बसली. मी मागच्या पायरीवर होतो. तिला काही सांगायची माझी हिंमत झाली नाही.

ते आलेच नाहीत. म्हणजे कालचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलं नाही, नाहीतर पोचलं आणि उशीर झाला. ज्या दिवसासाठी सगळं होतं, तो दिवस असाच गेला. मी दहाला घरी आलो. नाना देवळात आहेत. काकू भाजी निवडून राहिली. बिलासपूरची गाडी दुपारी दोनला असते, हे मला कोणी न विचारता आठवतंय. पिशवी भरलेली नाही, पण खुंटीवरून काढून खाटेवर ठेवली आहे.

हे लिहीत असतानाच बाहेर कडी वाजली. काकू गेली. छत्तीसगढी बोलणं ऐकू आलं, बाईचं, जोरात. मग काकू आत आली, पदर डोक्यावर घेऊन, आणि आज पहिल्यांदा माझ्याकडे पाहून बोलली.

"शिशिर, ऊठ. तुळशीरामची बायको आली आहे."

"काय म्हणते?"

"म्हणते, काल घाटावर जे बोलला ते तिनं नत्थूकडून ऐकलं, घरी जाऊन सांगितलं. रात्रीपासून सांगून राहिली. तो विश्वासच ठेवत नाही. म्हणते..." काकू थांबली. बाहेरून कमलाबाईनं ते स्वतःच पूर्ण केलं, दारातून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

"कहिथे, बाबू मन अइसन नइ कहंय! तैं चल, अपन मुंह ले कह!"

तो म्हणतो, बाबू लोक असं म्हणत नसतात. चल, स्वतःच्या तोंडानं सांग.

ती बसायला तयार नाही. चपला पायात घालूनच उभी आहे, मला न्यायला.